ठकूबाईचा पानखड्डा

आजोबांच्या आजोबांनीही ऐकूनच सांगितली, इतकी जुनी ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला वेळशेत नावाचं गाव होतं. फाल्गुनात तिथली ऐन-किंजळीची पानं गळायची आणि गाव ती झाडून, ढीग करून जाळून टाकायचं. त्या गावात ठकूबाई नावाची विधवा राहायची. दिरांनी तिच्या वाट्याला नुसता कातळ टाकला होता.

ठकूबाईला ते जाळणं बघवायचं नाही. तिनं कातळाच्या कडेला खड्डा खणला, पाट्या भरभरून पानं आणून त्यात ओतली, वर शेणकाला शिंपडला, मातीचा थर दिला. पानं कुजत राहिली, ठकूबाई ती उलथत राहिली. पुढच्या वर्षी तिच्या कातळावर काळीभोर माती पसरली. असं म्हणतात, की तिथल्या नाचणीची कणसं भारानं वाकून जमिनीला टेकायची.

याचं कौतुक व्हायला नको? पण थंडीच्या सकाळी खड्ड्यातून वाफ निघायची. कुजतं ते तापतं, एवढं शेतकऱ्याला कळू नये? रायाजी पाटलानं मात्र ठरवलं, की ही बाई चेटकीण आहे. खरं तर त्याचा डोळा तिच्या मातीवर होता. त्यानं ती गाड्या भरून आपल्या शेतात नेली, खड्ड्यात पेंढा टाकून आग लावली आणि ठकूबाईला गावाबाहेर काढलं. सगळे बघत होते.

शिवेवर ठकूबाई वळली. म्हणाली, "तुम्हाला पानं नकोतच ना? मग मी घेऊन जाते."

असं म्हणतात, ती डोंगर चढू लागली आणि रानातली सगळी वाळली पानं उठून तिच्यामागे गेली. पुढे कितीतरी वर्षं वेळशेतात पान म्हणून खाली पडलं नाही. जे गळायचं ते वाऱ्यावर डोंगरापलीकडे जायचं. जमीन उघडी पडली, माती पावसानं धुऊन गेली. पाटलाच्या शेतातही कातळ वर आला.

शेवटी रायाजी डोंगरापलीकडे जाऊन तिच्या दारात उभा राहिला. परत चला म्हणाला. ठकूबाईनं त्याला प्यायला पाणी दिलं.

"मी येणार नाही," ती म्हणाली. "पानं पाठवते. पण खड्डा तुम्ही स्वतः खणा, पाटील. गड्याला सांगू नका."

रायाजीनं खड्डा स्वतः खणला आणि पानं परत आली. ठकूबाई मात्र खरंच आली नाही. बरंच केलं.

वेळशेतात अजून कुणी पान जाळत नाही. होळी पेटण्याआधी पाटलांच्या घरातला कर्ता माणूस अनवाणी येतो, पहिली पाटी पानखड्ड्यात ओततो आणि डोंगराकडे तोंड करून म्हणतो, "ठकूबाई, आमचं चुकलं." उत्तर कधीच येत नाही. तरी थोडा वेळ वाट बघितल्याशिवाय तिथं होळी पेटवत नाहीत.