थेरमिसाचा पांढरा कडा

थेरमिसा बेटावर पाहुणे येतात ते स्वच्छ वाळूसाठी, अंडी घालायला येणाऱ्या कासवांसाठी आणि जुन्या देवळाच्या पडक्या खांबांसाठी. देवळापुढे समुद्रात घुसलेल्या टोकावर एक रिकामा चौथरा आहे, आणि त्याखालचा कडा तेवढा चुन्याने पांढराशुभ्र केलेला. पुण्याहून आलेल्या मंडळींना म्हातारे स्पिरोस त्याची हकिकत सांगतात.

फार पूर्वी त्या चौथऱ्यावर संगमरवरी देवी उभी होती म्हणे. तिचे नावही कुणाला आठवत नव्हते. गावात लेफ्तेरिस नावाचा चुनाभट्टीवाला होता. जन्मभर त्याने दगड भाजला, पण समुद्राच्या धास्तीने होडीत कधी पाय ठेवला नाही. त्याच्या एकुलत्या एका लेकीचे, झंबेताचे, लग्न मिखालिस नावाच्या पाणबुड्याशी ठरले. गावातल्या इतर खलाशांबरोबर तो समुद्रतळाचे स्पंज काढायला दूर गेला होता. परतला की लग्न. बेटाची रीत अशी, की नवरीचे घर बापाने बांधून पांढरेशुभ्र करून द्यायचे.

नेमका त्या वर्षी खाणीतला दगड मातकट निघाला. नव्या घराच्या भिंतींना चुन्याचा पहिला हात दिला आणि शेजारची मारिगोमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “लेफ्तेरिसभाऊ, हा चुना की चुलीतली राख? आणि म्हणे भट्टीवाल्याची लेक!”

लेफ्तेरिसच्या ते जिव्हारी लागले. संगमरवराचा चुना दुधासारखा उतरतो, हे त्याला ठाऊक होते. देवळाचे खांब साध्या दगडाचे, आणि संगमरवराचे सुटे तुकडे गावाने कधीच भाजून संपवले होते. उरली होती देवी.

“बाबा, तिला नको हात लावू,” झंबेता म्हणाली. “राहू दे घर मळकं. मिखालिस काय भिंतींशी लग्न करतोय?”

“तिला ना दिवा, ना फूल. कुणाच्या कामाची आहे ती?”

त्याने घणाने मूर्ती फोडली आणि भट्टी लावली. घर असे उजळले, की मारिगोमावशी दोनदा येऊन पाहून गेली.

मिखालिसची नाव दिसली त्या दुपारी समुद्रावर विरळ धुके पडले होते. सगळे गाव वाळूवर जमले. नाव टोकापुढे घुटमळली, चुकीच्या अंगाला वळली आणि खडकावर फुटली. एक म्हातारा खलाशी तेवढा काठाला लागला. छातीतले पाणी ओकून तो पहिले वाक्य बोलला, “वर उभी असायची ती बाई कुठं गेली? तिच्यावर नजर धरूनच तर आम्ही आत येतो.”

मिखालिस सापडला नाही.

झंबेता थेट नव्या घरी गेली. उरलेल्या चुन्याची बादली उचलली आणि ती टोकाकडे निघाली. ओझे घ्यायला लेफ्तेरिस मागे धावला, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “बाबा, तू खालीच थांब.” देवीच्या जागी नावांना दुरून खूण दिसावी म्हणून तिने चौथऱ्याखालचा कडा एकटीने पांढरा केला. नव्या घरात ती कधी राहिली नाही, असे सांगतात.

आजही बेटावर लग्न ठरले, की चुन्याची पहिली बादली घराला लागत नाही. बाप ती कड्याच्या पायथ्यापर्यंत आणतो आणि लेकीच्या हाती देतो. त्याने वर चढायचे नसते. लेक कडा रंगवून खाली येईपर्यंत तो समुद्राकडे तोंड करून उभा असतो.