मोकळा शॉट

"म्हणजे उद्या मी फक्त धडका खायच्या?" मंथननं विचारलं.

उमाळे सर कठड्यावर बसून गुडघ्याला पट्टा बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"स्क्रीन लावायची," ते म्हणाले.

"तेच म्हणून राहिलो ना मी."

चंद्रपूरच्या त्या सिमेंटच्या बास्केटबॉल कोर्टावर दिवसभर कोळशाची धूळ बसते. खेळायच्या आधी झाडू मारावा लागतो. झाडू पोरांनी मारायचा आणि सरांनी कठड्यावरून दम द्यायचा, अशी वाटणी. इतक्या वर्षांत सरांच्या हाताखालून राज्याच्या संघात कोणी गेलं नव्हतं. शिस्त मात्र अशी, जणू ऑलिंपिकच तोंडावर आलंय.

उद्या फायनल. राज्याचे निवडकर्ते बघायला येणार. मंथन गजभियेनं कॉलेज मधेच सोडलं होतं. संघात नाव आलं नाही, तर बापाच्या वेल्डिंगच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलेलं. आणि सरांच्या डावात त्याचं काम काय, तर स्क्रीन. म्हणजे आपल्याच संघातल्या ओजसला अडवणाऱ्या गड्याच्या वाटेत भिंतीसारखं उभं राहायचं. ओजस त्याच्या खांद्याला घासून पलीकडे निसटणार. ओजसला मोकळा शॉट मिळणार. मागून येणारा गडी आदळणार तो मंथनवर.

उभं राहायचं म्हणजे हलायचंसुद्धा नाही. हललं की फाउल. आणि मंथन दर वेळी हलायचा. धडक बसायच्या आधीच हात वर करून बॉल मागायला सुटायचा. सरांनी शिट्टी वाजवून वाजवून आज त्याचं डोकं उठवलं होतं.

"निवडकर्ते बॉल बघतात, सर. उभा राहिलेला माणूस कोण बघते?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय... उभं राहायचं."

असली उत्तरं म्हाताऱ्यांना फार आवडतात. आपण अर्धं बोलायचं, उरलेलं समोरच्यानं फार मोठं समजून घ्यायचं. मंथनच्या डोक्यात तिडीक गेली.

"ओजस अध्यक्षांचा पुतण्या आहे म्हणून ना? घाबरता तुम्ही त्यांना."

बॉल आपटत असलेला रेहान थांबला. ओजसनं बुटाची नाडी उगाचच सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"घाबरतो," सर म्हणाले. "क्लब त्यांचा आहे. पण ओजसचा शॉट तुझ्यापेक्षा बरा आहे, हे खोटं आहे काय?"

"मला मोकळं करून बघा मग. कधी केलं?"

सरांनी पट्ट्याचं टोक ओढून घट्ट केलं.

मंथन थांबणाऱ्यांतला नव्हता. "तुम्हीपण जन्मभर दुसऱ्यांसाठीच उभे राहिले ना, सर? काय भेटलं?"

सर उठले. पट्टा बांधलेला गुडघा त्यांना हातानं सरळ करावा लागला. चष्मा काढून त्यांनी कठड्यावर ठेवला.

"ओजस, तू याला अडव. रेहान, पास तू दे. स्क्रीन मी लावतो." मग मंथनकडे वळले. "बास्केट झाली तर उद्याचा शॉट तुझा. ओजस तुझ्यासाठी उभा राहील. अध्यक्षांना काय सांगायचं ते मी सांगीन."

"सर, तुम्ही कशाला..." ओजस म्हणाला.

"आणि तू जपून आलास तर उद्या बाहेर बसशील."

मंथनला हसू आलं. नाटक आहे सगळं. ऐन वेळी म्हातारा बाजूला होईल, आणि त्यातूनही काहीतरी शिकवल्याचा आव आणील.

सर जागेवर उभे राहिले. पाय फाकवून, हात छातीवर आवळून, नजर समोर. कोणाकडेच न बघता.

मंथन सुटला. ओजस त्याला चिकटून. मंथन सरांच्या खांद्याला इतका घासून गेला की त्यांच्या शर्टाचं बटण त्याच्या दंडाला लागलं. तो पलीकडे निघाला आणि मागे थप्पकन आवाज झाला.

रेहानचा पास हातात आला. समोर कोणी नव्हतं. अंगावर येणारा हात नाही, कानाशी कोणाचा श्वास नाही, नुसती बास्केट. या कोर्टावर एवढी मोकळीक त्याला कधी मिळालीच नव्हती.

त्यानं मागे वळून पाहिलं.

सर सिमेंटवर उताणे पडले होते. ओजस त्यांच्यावर वाकून "सर, सर" करत होता. मंथन बॉल घेऊन तसाच धावत आला.

"लागलं का, सर?"

"गेला का?"

"काय?"

"बॉल. जाळीत."

मंथननं हातातल्या बॉलकडे पाहिलं. जणू तो कोणी दुसऱ्यानंच आत्ता आणून दिला होता.

"मारलाच नाही मी... तुम्ही पडले ना. तुमच्याकडेच बघून राहिलो."

ओजसचा हात बाजूला सारून सर आपले आपण उठून बसले. त्यांचं कोपर सोललं होतं. ते त्यांनी शर्टाला पुसलं, आणि त्या रिकाम्या जाळीकडे बोट दाखवलं.

"माझ्याकडे बघायला नव्हतं मोकळं केलं तुला," ते म्हणाले.