'येते' म्हणणारी कासारीण

फार पूर्वी, म्हणजे इतक्या पूर्वी की खरं-खोटं करायला आता कोणी उरलं नाही, एका राज्यात एक राजा होता. त्याचा लेक लढाईला निघाला तेव्हा दारात म्हणाला, "येतो, बाबा." आणि आलाच नाही.

राजाचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "येतो म्हणून येत नाहीत ते खोटारडे. आजपासून निघताना सगळ्यांनी 'जातो' म्हणायचं. जो 'येतो' म्हणेल त्याला राज्याबाहेर काढा."

झाला ना गोंधळ. पाहुणा "जातो" म्हणाला की घरची म्हातारी डोळ्याला पदर लावायची. एक जावई "जातो" म्हणाला, तर सासूने वैद्यच बोलावला. पण भीतीपोटी सगळे तेच म्हणायला लागले.

एकदा एक कासारीण राणीला बांगड्या भरायला आली. काम झालं, तिने टोपली उचलली आणि म्हणाली, "येते, राणीसाहेब."

राजा तिथंच होता. म्हणाला, "चुकून निघालं असेल तोंडातून. 'जाते' म्हण आणि गुमान घरी जा."

"चुकून नाही, महाराज. आत्ता या हातांत बांगड्या भरल्या. याच दारातून अभद्र बोलून निघू? नाही जमायचं."

झालं. दोन शिपाई तिला वेशीपर्यंत घेऊन गेले. एकाला तिची दया आली.

"मावशे, तुझ्या लेकीला दिवस गेलेत. कशाला हट्ट करतेस? 'जाते' म्हण, म्हणजे राहशील. 'येते' म्हणालीस तर जावं लागेल."

"थांब," दुसरा म्हणाला. "जाते म्हटलं की जायचं नाही?"

"नाही."

"आणि येते म्हटलं की यायचं नाही?"

"गप रे. माझंपण डोकं दुखतंय."

कासारीण हसली. मग डोळे पुसून तिने टोपलीतला हिरवा चुडा काढला. "हा माझ्या लेकीला दे. डोहाळजेवणाला ठेवला होता. तिला सांग, आई 'येते' म्हणाली." आणि ती वेस ओलांडून गेली.

शिपायांनी हे राजाला सांगितलं. आता राजालाच कळेना. आली तर हुकूम मोडला. नाही आली तर खोटारडी. पण खोटारडीला शिक्षा काय, तर राज्याबाहेर काढा. तिथं तर ती आहेच. प्रधानाला विचारलं, तो नुसतं डोकं खाजवत बसला.

शेवटी राजा स्वतः वेशीवर गेला. पायरीवर कासारणीची लेक बसली होती, हातात हिरवा चुडा.

"तुझी आई येणार नाही, माहीत आहे ना?" राजाने विचारलं.

"माहीत आहे."

"मग ती खोटं बोलली की नाही?"

"तसं नाही, महाराज. ती 'येते' म्हणाली, म्हणून मला वाट तरी बघता येते."

राजा तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि बराच वेळ त्याच वाटेकडे बघत राहिला. अंधार पडायला लागला तसा उठला, म्हणाला, "येतो, पोरी."

शिपाई एकमेकांकडे बघायला लागले. आता यांना पकडायचं की काय करायचं? मग एक जण हळूच म्हणाला, "या, महाराज."

हुकूम रद्द झाला. कासारणीला शोधायला माणसं गेली, पण ती काही सापडली नाही. वेशीचा दरवाजा मात्र तेव्हापासून कोणी लावत नाही.

तात्पर्य, कळलं तेवढं: खरं बोलणाऱ्याला बाहेर काढता येतं, पण मग त्याची वाट बघत आपल्यालाच दारात बसावं लागतं.