चुंबकाला ऐकू येणारी तार

"मग यातला कुठला बसवू, चाचा?"

शलाकानं वाद्याचा आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारे दोन्ही पिकअप बाकावर मांडले. एक काडीसारखा बारीक, तारा पेलणाऱ्या घोडीखाली सरकवायचा. दुसरा चुंबकाचा, तारांच्या खाली बसवायचा. मुंबईहून मागवलेला, महागातला.

दस्तगीरचाचा भोपळ्याला लाख लावत होते. मिरजेच्या त्या गल्लीत साठ वर्षं वाद्यं घडवता घडवता त्यांचे कान गेले होते. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखत, आणि लाकूड दातांनी ऐकत.

"आधी हे सांग पोरी, तुला ऐकवायचंय काय?"

"मी. फक्त मी."

चाचांनी लाखेचा ब्रश खाली ठेवला.

"रविवारी पुण्यात माझा पहिला एकटीचा कार्यक्रम आहे. या काडीवर माझं वाजणं छान येतं, पण मागं आणखी काहीतरी गुणगुणतं. दुकानदार म्हणाला, अर्थिंग बघा. ते बदललं. वायर बदलली. तरी येतंच. मला ते नको, चाचा. लोकांनी माझा युकुलेले ऐकावा."

चाचांनी हात पुसले. गिटारसारखं ते इवलंसं वाद्य उचलून त्याची कड हळूच दातांत धरली आणि पाठीवर नखानं टिचकी मारली.

मग आणखी एकदा मारली.

"हे लाकूड माझ्या हातचं आहे."

शलाकानं मान खाली घातली. चाचांनी तिची हनुवटी वर केली. ओठ दिसायला हवे होते.

"द्वारकाबाईंचा तंबोरा कापून हे करवलंस?"

"आत्या जाऊन चार वर्षं झाली. नुसता उभा होता कोपऱ्यात. कुणी वाजवत नव्हतं, चाचा."

"कुणी वाजवत नव्हतं…"

द्वारकाआत्या चाळीस वर्षं गवयांच्या मागं तंबोरा धरून बसली होती. घरातल्या अल्बममध्ये तिचा एकही पुरता फोटो नव्हता. कुठे अर्धा खांदा, कुठे नुसता पदर. लहानपणी शलाका तिला चिडवायची, "आत्या, तू पडदा आहेस का गं?" आत्या हसायची. कधी पुढे सरकली नाही.

चाचांनी चुंबकाचा पिकअप उचलला.

"तारा कसल्या आहेत?"

"नायलॉनच्या."

चाचा खो खो हसले. "मुंबईवाल्यानं बरी टोपी घातली की तुला! अगं, चुंबकाला नायलॉन ऐकू येत नाही. त्याला पोलादी तार लागते. तुझा एक सूर यातून बाहेर पडायचा नाही."

शलाकाचे कान तापले. दहा वर्षं ती युकुलेले शिकवत होती.

"म्हणजे हा वायाच गेला."

पण चाचा मेणाचा गोळा मळून तोच पिकअप तारांखाली चिकटवू लागले होते.

"आता कशाला बसवताय?"

"तुला नको आहे ते नेमकं काय, बघू की. यात तू नसशील."

त्यांनी वायर छोट्या स्पीकरला जोडली आणि स्पीकरवर तळहात ठेवला.

"वाजव."

तिनं आपली सगळ्यात अवघड गत काढली. बोटं भराभर फिरली. स्पीकर मुका. आपणच काचेमागे बसून वाजवतोय, असं तिला वाटलं. तिनं हात उचलला. तारा थांबल्या.

आणि स्पीकर वाजला.

पंचम. सा. सा. मग एक रिकामी जागा.

पंचम. सा. सा. रिकामी जागा.

पंचम दर वेळी केसभर अडून येत होता. पंचमाची तार छेडणारं आत्याचं मधलं बोट लहानपणी दारात सापडलं होतं. ते वाकडंच राहिलं होतं…

शलाकानं दोन्ही हात मांडीखाली घेतले. युकुलेले बाकावर नुसता पडला होता.

"चाचा… इथं पोलादी तार कुठंय?"

त्यांचा तळहात स्पीकरवरच होता.

"आणि तंबोऱ्याची चौथी तार? ती का वाजत नाही?"

"ती पितळेची होती. मीच चढवली होती." चाचांनी डोळे मिटले. "चुंबकाला पितळही ऐकू येत नाही."

पंचम. सा. सा.

शलाकानं वायर उपटली. दुकान एकदम शांत झालं. तिनं चुंबकाचा पिकअप ओरबाडून काढला. नखात मेण राहिलं.

चाचांनी काडीचा पिकअप घेतला, घोडी उचलली आणि तो खाली नीट सरकवला. फार हळू. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा.

"पण यात माझं आणि तिचं, दोन्ही येतं, चाचा!"

"येतं."

"रविवारी मी एकटी बसणार आहे…"

चाचांनी वाद्य तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या पाठीमागच्या रिकाम्या चटईकडे पाहिलं.

"बसशील तेव्हा थोडी पुढं सरकून बस. मागं तंबोऱ्याला जागा लागते."