तुटलेली साखळी

"सगळ्यांना ठाऊक होतं, बुवा! साखळी झिजलीय हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. मग एकानंही मला का सांगितलं नाही?"

बोलणारे सरनोबत एका फाउंड्रीचे, लोखंड ओतायच्या कारखान्याचे मॅनेजर होते. परवा क्रेनची साखळी तुटली आणि लोखंडी साचा बागणे नावाच्या कामगाराच्या पायावर आला. पाय वाचेल की नाही, डॉक्टर अजून काही बोलत नव्हते.

अनंतबुवा मठाच्या ओसरीवर घडवंचीवर उभे राहून लामणदिवा टांगत होते. त्यांनी खाली पाहिलं नाही.

"मी काय कमी केलं? हेल्मेट दिली, बूट दिले. भिंतीभिंतीवर पाट्या लावल्या. सुरक्षा सप्ताहात सगळ्यांना शपथ दिली. वर्षभरात एक तक्रार नाही आली माझ्याकडे."

"एकही नाही?"

"एकही नाही."

"अरेरे..." बुवा म्हणाले.

तेवढ्यात मठात स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई आतून आल्या. हात पिठानं भरलेले.

"उतरा आधी खाली! घडवंचीचा पाय डुगडुगतोय. कालच सांगितलं ना तुम्हाला?"

"हो गं. राहूनच गेलं."

"राहूनच जातं तुमचं! कंबर मोडली की मग मलाच शेकत बसावं लागेल."

बुवा मुकाट्यानं उतरले. "बरं केलंस, बाई."

हौसाबाई पुटपुटत आत गेल्या. ओसरीवरचे चार-दोन भक्त हसले. सरनोबत मात्र अवघडले.

"सगळ्यांसमोर ती तुम्हाला असं बोलते?"

"फार वर्षं लागली तिला. आधी नुसती पाया पडायची." बुवा कंबर चोळत बसले. "तेव्हा मी बऱ्याचदा पडलो."

सरनोबतांनी घडवंचीच्या डुगडुगत्या पायाकडे पाहिलं.

"तुमच्याकडे काम कुणी थांबवलं होतं कधी?" बुवांनी हळूच विचारलं.

"एकदा... एकानं थांबवलं होतं. म्हणाला, साखळीचा आवाज बरोबर वाटत नाही."

"मग?"

"गाडी भरायची होती, बुवा. मी सगळ्यांसमोर म्हटलं, इतकी भीती वाटते तर बांगड्या भर आणि घरी बस. सगळे हसले. तोही हसला..."

"नाव काय त्याचं?"

सरनोबतांनी तोंड उघडलं. बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली.

"बागणे," ते म्हणाले.

बुवांनी तांब्यातलं पाणी ओतून पेला त्यांच्यापुढे सरकवला. सरनोबतांनी तो उचलला, पण पाणी सांडू लागलं. बुवांनी खालून पेल्याला हात लावला. पाणी पिऊन होईपर्यंत तो काढला नाही.

मग सरनोबत डोळे पुसत पायावर डोकं ठेवायला वाकले. बुवांनी त्यांना अर्ध्यावरच धरलं.

"इथं नको. दवाखान्यात जा. त्याच्या उशाशी बसा. आणि 'साहेब, तुमचं चुकलं' असं तो म्हणेपर्यंत उठू नका."