जाळ्याला वळसा

त्या राज्यात तेव्हा युद्ध चालू होते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. पुढच्या तपशिलाबाबत माझी आठवण कितपत भरवशाची आहे, हे मला ठरवता येत नाही. युद्ध कोणी सुरू केले, हे तर तेव्हाही कोणाला ठाऊक नव्हते.

राज्याकडे लढाऊ जहाजे थोडी आणि समुद्र अफाट. म्हणून आरमाराच्या सरखेलाने मासेमारीच्या होड्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली. मांदेली त्यांतलीच एक. तिचा निळा-पिवळा रंग खरवडून तिला राखाडी केले, मासळीच्या कप्प्यात दारूगोळा भरला, पुढच्या टोकावर तोफ बसवली आणि तिला सरहद्दीच्या पाण्यात एकटीला उभे केले.

"शत्रूची एक बोट पकडून दे," सरखेल म्हणाला. "त्याच दिवशी तुला तुझ्या बंदरात सोडतो, जुन्या रंगासकट."

त्या एका वाक्यावर मांदेली जगत राहिली.

सोबतीला फक्त तोफ. तिला समुद्रातले काही कळत नसे, पण बोलण्याची हौस दांडगी.

"अजून मासळीचा वास येतो तुझ्या अंगाला."

"येणारच. तुझ्या अंगाला कसला येतो?"

"मला अजून उडवलंय कुठे कोणी," तोफ म्हणे.

सुरुवातीला एकदा झिलाबाय ही तिची जुनी सोबतीण होडी लांबूनच थांबली.

"मांदेले, तूच का गं ती? आता काय, सरकारी झालीस."

"जवळ ये ना जरा."

"नको बाय. तुझ्या तोंडावर ती बया बसलीय. शिंकली म्हणजे?"

झिलाबाय हसत हसत निघून गेली. पुढे त्या पाण्यात कोणीच येईनासे झाले. आपल्याला टाळून सगळ्या दुसरीकडून जात असतील, असे मांदेलीला वाटे.

एका सकाळी समोरच्या बाजूची एक बोट सरहद्द ओलांडून आत आली आणि मांदेलीला पाहताच माघारी पळाली. मांदेली मागे लागली. अंतर कमी होत गेले. एवढ्यात पुढे तरंगणाऱ्या बोयांची लांब रांग दिसली. तिथे कोणाचे तरी जाळे पसरलेले होते.

दोन्ही किनाऱ्यांच्या मासेमारांत एक रीत होती. जाळे कोणाचेही असो, वैऱ्याचे असले तरी, त्यावरून होडी न्यायची नाही, वळसा घालायचा. पळणाऱ्या बोटीला सरळ गेल्यास सुटका होती. तरी ती वळली आणि जाळ्याच्या कडेकडेने जाऊ लागली. आता मांदेली मधून घुसली असती, तर ती आयतीच हाती लागली असती.

"सरळ जा," तोफ म्हणाली. "चार बोये आहेत नुसते. घरी जायचंय ना तुला?"

"जायचंय."

"मग?"

मांदेलीने सुकाणू फिरवले. तोफेचे तोंड रिकाम्या पाण्याकडे वळले. एकीमागून एक दोघी जाळ्याच्या कडेने गेल्या, आणि पहिली सरहद्दीपलीकडे निघून गेली.

सरखेलाने पुन्हा बंदराचे नाव काढले नाही. युद्ध संपले तेव्हा मांदेलीला परत आणायचे कोणाच्या लक्षात राहिले नाही. तिच्या फळ्या सुटत गेल्या. "कोणाच्या तरी घरचं जाळं वाचलं," असे ती अधूनमधून म्हणे. गंजलेली तोफ आता वाद घालत नसे. "वाचलं," ती म्हणे.

ते जाळे कोणाचे होते, हे मला फार वर्षे सतावत होते. शेवटी मी मांदेलीच्या किनाऱ्यावर जाऊन एका म्हातारीला विचारले.

"युद्धाआधीचं असणार ते," ती म्हणाली. "टाकलं ते टाकलं. काढायला होडी कुठं उरली होती? आमची झिलाबायसुद्धा नेली त्यांनी."

तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. समोरच्या किनाऱ्यावरही जाऊन मी खात्री करून घेतली. तिथल्याही सगळ्या होड्या त्या पाठलागाच्या आधीच राखाडी झालेल्या होत्या.