पहाटगाण्याचा शिधा

त्या रानात पहाट दयाळबुवांच्या गाण्याने होत असे. म्हणजे सूर्य आपला उगवायचाच, त्याला कोणाच्या गाण्याची काय पडलीय! पण गाणं कानावर पडल्याखेरीज रानाला नीट जाग आल्यासारखं वाटत नसे. हे पहाटगाणं आता एकट्या बुवांच्या गळ्यात उरलं होतं. त्यांना ते बापाकडून मिळालं होतं, घरट्यात असताना. गाण्याची रीतच तशी होती. पंख फुटायच्या आत घरट्याच्या काठावरून पिल्लाच्या कानात पडलं तर पडलं, लांबून ऐकलं किंवा नंतर कितीही घोकलं तरी ते गळ्यात उतरत नसे.

यंदा बुवांच्या घरट्यात एक पिल्लू होतं. त्याच्यासाठी दिवसभर अळ्या शोधत हिंडावं तर पहाटे गळा लागत नव्हता, आणि गळा सांभाळावा तर पिल्लाचं पोट भरत नव्हतं. शेवटी बुवा रानाच्या कोठारावर गेले. कोठार सगळ्यांचं होतं, जो तो आपला वाटा तिथे आणून टाकी. ते राखायला एक मंडळ होतं. घोरपडराव अध्यक्ष, मुंगूस कारभारी.

"बुवा, तुम्ही मागायला यायचं? आम्हीच यायला हवं होतं," मुंगूस म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला. रोज चोचभर सुक्या अळ्यांचा शिधा मंजूर झाला. अट म्हणाल तर काहीच नाही. गाणं झालं की घोरपडरावांचं नाव घ्यायचं, बस्स.

पण गाणं झालं की पाखरं उडून जात, नाव ऐकायला थांबतंय कोण? म्हणून नाव आधी घ्यायचं ठरलं. मग एकट्या घोरपडरावांचं नाव घेणं बुवांनाच बरं दिसेना. मुंगूस बिचारा काही बोलला नव्हता, पण त्याचा उतरलेला चेहरा काय लपतो? त्याचंही नाव आलं. अळ्या वाळवणारं साळिंदर होतं, गाण्याची फांदी जिची समजली जाई ती वानरीण होती. एकेका नावाला वेळ तो कितीसा लागणार!

पहाट मात्र होती तेवढीच राहिली. सूर्य डोंगरावर आला की पोपटांचे थवे किंचाळत निघत, आणि मग कोणाचं गाणं नि कोणाचं काय! बुवांनी सुरुवातीची संथ आलापी सोडली, पुढे मधलं कडवंही सोडलं. एवढा हंगाम कसाबसा निभावून नेऊ, मग सबंध गाऊ, असं ते स्वतःला सांगत राहिले.

एका पहाटे वानरिणीचं नाव साळिंदराच्या आधी आलं. साळिंदराचे काटे जे उभे राहिले ते राहिलेच, आणि शिधा निम्म्यावर आला. संध्याकाळी पिल्लू रडून रडून उपाशी झोपलं. बुवांचा जीव तीळ तीळ तुटला. आता पुन्हा चूक नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवसापासून ते घरट्याच्या काठावर बसून नावं घोकू लागले. मानपान सांभाळून, क्रमाने, पुन्हा पुन्हा. चालीवर बसवलं की विसरायला होत नाही, म्हणून त्यांनी ती पहाटगाण्याच्याच चालीवर बसवली. काय सुरेख बसली म्हणून सांगू!

"अहो, त्याच्यापुढे जरा गाणं म्हणा की," दयाळीण एकदा काकुळतीने म्हणाली. "पंख फुटायला आलेत त्याला."

"म्हणतो गं. एवढं एकदा पाठ होऊ दे."

पिल्लाला पंख फुटले. त्याने पहिल्यांदा गायचा दिवस आला, तेव्हा सारं रान त्या फांदीखाली जमलं. मंडळ पुढे बसलं होतं. बुवा मागच्या डहाळीवर होते. पिल्लाने गळा उघडला आणि बुवांच्या अंगावर शहारा आला. हुबेहूब त्यांच्या बापाचा गळा! घोरपडरावांच्या नावावर त्याने असा काही सूर लावला की त्यांनी तृप्तीने डोळे मिटून घेतले. मुंगूस आला, साळिंदर आपल्या जागी आलं, वानरिणीच्या नावावर नाजूक मुरकी आली. एकही नाव चुकलं नाही. साळिंदराने डोळे पुसले.

नावं संपली. सूर्य अजून डोंगराआड होता, पोपट जागचे हललेही नव्हते. कितीतरी दिवसांनी एवढी पहाट शिल्लक उरली होती. रान कान देऊन बसलं.

"म्हण बाळा," बुवा हलकेच म्हणाले. "आता म्हण."

पिल्लू गोंधळून त्यांच्याकडे पाहू लागलं. "म्हटलं की, बाबा."

मग ते मंडळाकडे वळलं आणि त्याने घासासाठी चोच उघडली.